भेगेवरची काच

९ जून

आत्या,

पत्र लिहायचं राहून गेलं, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. राहून गेलं नाही, मी टाळलं. जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हापासून तीनदा कागद काढला. पहिल्यांदा त्यावर मांजराचं चित्र काढलं. दुसऱ्यांदा तारीख लिहिली आणि तुटलेली चप्पल शिवून आणायला गेले, ती परत मिळेपर्यंत तारीख शिळी झाली. तिसऱ्यांदा ‘आत्या’ लिहिलं आणि पुढे सुचेना. कारण तू एकच विचारलं होतंस, ‘सध्या कुठे आहेस आणि किती दिवस?’ आणि ते दर महिन्याला बदलत होतं. फळांच्या पेट्या भरल्या, बोटींना रंग दिला, एका लाँड्रीत परक्यांच्या चादरींच्या घड्या घातल्या. तिथल्या मालकिणीकडे एक पोपट होता... जाऊ दे, पोपटाचं नंतर सांगते.

सध्या मी दगड दाबते.

हसू नकोस. डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची एक लांबडी शेड आहे. शेजारी बोगदा खणतायत. वाटेतला दगड किती सोसेल हे आधी कळायला हवं, म्हणून ड्रिल घालून दगडाच्या गोल कांड्या काढतात, मनगटाएवढ्या जाड. त्यांना इथे कोर म्हणतात. मी त्यांची टोकं घासून सपाट करते, अंगाला सहा छोटे सेन्सर चिकटवते आणि प्रेसमध्ये एकेक उभी करते. मग मॅडम (जाड भिंगाचा चष्मा, दिवसाला सात वाक्यं) बटण दाबतात आणि दगडावर वरून ओझं यायला लागतं. सेन्सर म्हणजे दगडाला लावलेले कान. आत केसाएवढी भेग जरी सरकली तरी टिक् होतं. ते मी हेडफोन लावून ऐकते आणि वहीत टिंब काढते. मशीनपण मोजतं, पण मॅडम म्हणतात माणसानेही ऐकावं.

मला वाटायचं, दगड म्हणजे अख्खा असतो. नसतो गं. प्रत्येकाच्या पोटात आधीपासूनच बारीक भेगा असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. ओझं आलं की पहिल्यांदा काय होतं माहितीये? त्या मिटतात! दगड उलट जास्त घट्ट होतो. बघणाऱ्याला वाटावं, वा, काय खंबीर गडी आहे. मग बराच वेळ सगळं गप्प. मग कुठेतरी एक टिक्. मग थांबून दुसरं. नव्या भेगा सुटतात, वाढतात, शेजारणीला जाऊन मिळतात, टिकटिक इतकी होते की टिंबं काढायला हात पुरत नाही, आणि मग फाड्. तुकडे गोळा करून पिशवीत भरायचे हेही माझंच काम.

आणखी एक. अर्धं ओझं देऊन काढून घेतलं आणि पुन्हा दिलं, तर आधीच्या ओझ्यापर्यंत दगड हूं की चूं करत नाही. त्याच्या पुढे गेलं की परत टिक्. म्हणजे आपण किती सोसलंय ते त्याला पाठ असतं. मॅडमना म्हटलं, हा तर आमच्या अप्पांवर गेलाय. त्यांनी आठवं वाक्य काही खर्च केलं नाही.

राहायला शेडमागे एक खोली आहे. खिडकीसमोर कोरच्या पेट्यांची भिंत. रविवारी शेड बंद असते आणि मी दिवसभर कुणाशीच बोलत नाही. मागच्या रविवारी गेटवाल्या मामांकडे जाऊन मुद्दाम वेळ विचारली. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. त्यांनी ते बघितलं, पण सांगितली बिचाऱ्यांनी.

अप्पा माझं नाव काढतात का? खोटं सांग हवं तर.

तुझी,
भिंगरी


२१ जून

भिंगरे,

पाच महिन्यांनी उगवलीस आणि वर मला दगड शिकवतेस? खाणीवर केस पांढरे झाले माझे. नाहीतरी ते धुळीने आधीच पांढरे होते म्हणा. आणि पोपटाचं सांगितलंच नाहीस.

खोटं सांग म्हणालीस म्हणून खरं सांगते. नाही काढत नाव. तीन वर्षं झाली, पण ड्रिलरचा खांदा अजून वर उठत नाही, आणि तो गावात दिसला की तुझ्या बापाचं तोंड शिवल्यासारखं होतं. तुझं पत्र आलं तेव्हा समोरच बसला होता. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि उठून गेला. पण चष्मा इथेच ठेवून गेला, म्हणजे फार लांब जायचं नव्हतं. मी मोठ्याने वाचलं. दाराबाहेर खोकला ऐकू आला. यातून काय घ्यायचं ते घे.

इकडचं म्हणशील तर, खाण बंद होऊन दोन वर्षं झाली. क्रशर उचलून नेला, जागेवर चार बोल्ट राहिलेत. कड्याखालच्या खोल्यांच्या रांगेत आम्ही दोघंच, चार नंबरात. बाकीच्यांची दारंसुद्धा लोकांनी नेली. तुझा बाप रखवालदार. कसली राखण करतो ते त्यालाच ठाऊक, दगड चोरायला कोण येतंय? मालकाने गावात तिसऱ्या मजल्यावर खोली देऊ केलीये. किल्लीसुद्धा पाठवली. ती खिळ्याला लटकलीये.

का जात नाही विचारशील. त्याचा नियम तुला माहीत आहे. कड्यातल्या भेगेवर आडव्या तीन काचपट्ट्या, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की, काचेवर रंगाने तारीख. भेग हलली की काच तडकते. काच तुटली की खोली सोडायची, मग भले ताटावरून उठावं लागो. एकदा त्याने चौदा कुटुंबं भर जेवणाच्या वेळी बाहेर काढली होती, तू तेव्हा रांगत होतीस. आणि काच शाबूत आहे तोवर कुणाचा बाप आला तरी हलायचं नाही, हेही त्याच नियमात.

आता त्याच्याने शिडी होत नाही, गुडघे गेले. म्हणून मी चढते. रोज चारला. तो खाली खुर्ची टाकून बसतो आणि ओरडतो, “आहेत का?” मी वरून ओरडते, “आहेत!” झालं. दिवसभरात आमचं तेवढंच बोलणं होतं. काचा धडधाकट आहेत, तू काळजी करू नकोस.

जेवत जा. दगड दाबून पोट भरत नाही.

आत्या


२ जुलै

आत्या,

दाराबाहेरचा खोकला मी चारदा वाचला.

पोपट: तो ‘इस्त्री झाली का’ एवढंच बोलायचा, आणि गिऱ्हाईक नसलं की जास्त बोलायचा. संपलं. मला वाटलं होतं गोष्ट मोठी आहे.

मोठी गोष्ट दुसरीच आहे. मॅडमनी यावेळी नवीन प्रकार केला. एरवी आपण ओझं वाढवत नेतो. यावेळी, हा दगड जेवढ्याला फुटतो त्याच्या थोडं अलीकडे आणून ओझं तिथेच थांबवलं. ना कमी ना जास्त. आणि मला म्हणाल्या, बस. मी बसले. पहिला दिवस, थोडी टिकटिक, मग बंद. दुसरा दिवस, काही नाही. तिसरा, चौथा, काही नाही. मी हेडफोन लावून भिंतीवरच्या पालीशी ओळख करून घेतली. पाचव्या दिवशी म्हटलं, मॅडम, हा फुटत नाही, सवय झालीये त्याला ओझ्याची. मॅडम म्हणाल्या, “सवय दगडाला होत नाही. आपल्याला होते.”

अकराव्या दिवशी सकाळी मी डबा उघडत होते. ओझं तेवढंच, हात कुणी लावला नाही. आणि दगड फुटला. आधीचा सबंध दिवस तो गप्प होता, वहीत त्या पानावर एकही टिंब नाही.

मग मॅडमनी सांगितलं, ही त्यांची रोजची सात वाक्यं एकदम. भेगेच्या टोकाशी दगड रोज जरासा सुटत असतो, ओझं न वाढताही. ऐकू येईल एवढा सुटेलच असं नाही. पुढे आम्ही तसाच दुसरा कोर पाण्यात भिजवून लावला. तो तिसऱ्या दिवशीच गेला. पाणी भेगेच्या टोकापर्यंत पोचतं आणि तिथली पकड सैल करतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी त्याचेच तुकडे भरत होते. वाचलं आणि गंमत वाटली नाही. कडा माझ्या जन्माआधीपासून तेच ओझं घेऊन उभा आहे. त्यात पाऊस सुरू. खाली तुम्ही दोघं.

तू म्हणतेस काचा आहेत. मग बरंच आहे. पण एक काम कर. उद्या वर गेलीस की तिन्ही काचांवरच्या तारखा मला लिहून पाठव. अप्पा काच लावली त्याच दिवसाची तारीख घालतात. काच जितकी जुनी तितकी मला झोप लागेल. आणि भेगेत आता बोट जातं की हात जातो?

मी लांब आहे, मला दिसत नाही, म्हणून विचारते. मी असते तर मीच चढले असते. हे वाक्य लिहून खोडलं होतं. परत लिहिलं.

भिंगरी


१७ जुलै

भिंगरे,

तुझं पत्र यावेळी मोठ्याने वाचलं नाही. तो विचारत होता, खुर्चीतून, तिसरीकडे बघत, “काय म्हणतात दगड?” तुझं नाव नाही घेतलं, पण विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत.

तारखा पाठवते. तिन्हीवर दोन वर्षांपूर्वीचीच आहे, त्याच्या हातची, त्याचा पाचचा आकडा पोट फुगलेला असतो तशी.

आता खालचं वाचून कागद जाळ.

ती त्याच्या हातची नाही. माझी आहे. मी गिरवलीये.

गेल्या सप्टेंबरात मधली काच तडकली. खरं सांगते, मला वाटलं माझ्या बादलीचा धक्का लागला. शिडीवर बादली न्यायची काय गरज होती, तर काचा पुसायला. खालून चमकलेल्या दिसल्या की तो खूष असतो. म्हटलं, माझ्या चुकीपायी म्हाताऱ्याला घरातून कशाला उठवा. त्याच्या पेटीत काचा होत्या. बदलली. फेब्रुवारीत परत तीच गेली. तेव्हा बादली नव्हती. म्हटलं, प्लास्टर नीट बसलं नसेल, मी काय गवंडी आहे? मे महिन्यात परत. मग जूनमध्ये, तुला ‘धडधाकट’ लिहिलं त्याच्या चार दिवस आधी. आणि आता आठ तारखेला तिन्ही.

तू म्हणशील, आत्याला अक्कल नाही. आहे गं. पण पहिल्यांदा खोटं बोलले आणि त्याला ते गोड लागलं. दुसऱ्यांदा सांगायचं तर पहिलंही सांगावं लागलं असतं. आणि तिसऱ्या मजल्यावर मी कोण? रखवालदाराची बहीण, एका खोलीत पडदा लावून. तिथे त्याला विचारायला काय आहे? इथे निदान चार वाजता मला कुणीतरी काहीतरी विचारतं आणि मला उत्तर माहीत असतं. माझा नवरा गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, मला दुसरं कुणी काही विचारलेलं नाही.

भेगेत आता हात जातो. कोपरापर्यंत.

तुझा तो अकरा दिवसांचा दगड माझ्या डोक्यातून जात नाही. काल वर उभी राहून मी भेगेला कान लावला. काही ऐकू आलं नाही. आधी मला बरं वाटलं, आणि मग तुझं पत्र आठवलं.

मी त्याला सांगेन. माझ्या पद्धतीने, माझ्या वेळी. तू सांगायचं नाहीस. तुला माझी शपथ आहे.

आत्या


२२ जुलै

अप्पा,

तीर्थरूप वगैरे लिहायला हवं, पण तुम्ही पहिली ओळ वाचून पत्र ठेवून द्याल ही भीती आहे, म्हणून मुद्द्याचं पहिल्याच ओळीत लिहिते: काचा तुटल्यात. खोली सोडा.

आता बसून वाचा.

आत्याने मला सांगितलं आणि तुम्हाला न सांगण्याची शपथ घातली. ती मी मोडतेय. मधली काच गेल्या सप्टेंबरात तुटली, मग फेब्रुवारीत, मग मेमध्ये, मग जूनमध्ये, आणि आठ जुलैला तिन्ही. मधलं अंतर बघा. पाच महिने, तीन, दीड, तीन आठवडे. मी दिवसभर हेच ऐकते, अप्पा. टिक्, मग थांबून टिक्, मग लवकर. शेवटच्या आधी कधीकधी गप्पही होतं. त्या गप्पपणावर जाऊ नका.

तुम्ही म्हणाल, ही कोण सांगणार. बरोबर आहे. तीन वर्षांपूर्वी सुरुंगाच्या वेळी मला रस्त्यावर शिट्टी देऊन उभं केलं होतं, कुणी येताना दिसलं तर वाजवायची. मी वाजवली नाही. एक मोठा ट्रक उताराला अडकला होता आणि त्याचं चाक कसं फिरतंय ते बघायला मी वीस पावलं गेले. वीसच. तेवढ्यात ड्रिलरकाका वळणावरून आत आले आणि उडालेला दगड त्यांच्या खांद्यावर बसला. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही की चाक बघत होते. तुम्हाला वाटलं मी घाबरून पळाले. मी घाबरले नव्हते, माझं लक्ष नव्हतं. ते जास्त वाईट आहे हे मला कळतं. तुम्ही म्हणालात, “तुझ्या भरवशावर माणूस उभा करता येत नाही.” मग मी कुठेच जास्त दिवस उभी राहिले नाही, म्हणजे कुणाला भरवसा ठेवायची वेळ येणार नाही.

इथे चार महिने होत आले. सगळ्यात जास्त. माझं काम लक्ष देण्याचं आहे, एवढंच मी दिवसभर करते, आणि मला ते येतं. मॅडमना विचारा हवं तर, एका वाक्यात सांगतील.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. वर जा आणि काचा स्वतः बघा. गुडघे गेलेत हे माहीत आहे. तरी जा. आणि नियम तुमचाच आहे.

आत्याला काही बोलू नका. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागवा, तुम्हाला सवय आहे.

भिंगरी

हे पत्र जलद टपालाने टाकतेय. आत्याच्या हाती लागलं तर, आत्या, माफ कर, आणि त्यांना दे.


१४ ऑगस्ट

भिंगरीस,

पत्र मिळालं. तुझ्या आत्यानेच आणून दिलं, फोडलेलं. चष्मा पुढे केला.

वर गेलो. पाऊण तास लागला. तारखा माझ्यासारख्या होत्या. प्लास्टर माझं नव्हतं. मी प्लास्टरमध्ये दगडाची बारीक पूड घालतो, ते राखाडी दिसतं. हे पांढरं होतं. खालून ते कळत नाही. मधली काच पुन्हा तुटलेली होती.

खाली आलो. शेगडी विझवली, गाद्या काढल्या, वजनकाट्याच्या खोलीत गेलो. ती कड्यापासून लांब आहे. नऊ दिवस काही झालं नाही. पाऊस. खोलीत एक माणूस आडवा होईल एवढीच जागा, दुसऱ्याने बसून राहायचं. दहाव्या दिवशी मी म्हणालो, पोरीच्या बोलण्यावर किती दिवस बसायचं, चल परत. निघालोही. तुझी आत्या रस्त्यात उभी राहिली. म्हणाली, मला ढकलून जा. मी ढकललं नाही.

बाराव्या दिवशी दुपारी कडा खाली आला. मला वाटलं होतं तेवढा आवाज झाला नाही. धूळ बसायला तास गेला. एक ते सात नंबर राहिले नाहीत.

मी दगडात जन्म काढला. भेग आली की मोठी होताना दिसते, असं मी मानत होतो. ती न दिसता वाढते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुझ्या पत्रात होतं. अक्षर मात्र सुधारलेलं नाही.

आता पुढचं. धूळ बसायच्या आत मी तिला बोललो. म्हणालो, ह्या ढिगाऱ्याखाली मला घालायला निघाली होतीस. दोन दिवसांपूर्वी तिनेच मला अडवलं होतं, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या गाडीतून गेली. मला वाटलं, गावातल्या खोलीवर गेली. मी सामान घेऊन इथे आलो तर कुलूप होतं. तिच्या दिराकडे विचारलं. बावीस वर्षांत आली नाही म्हणाले, आता कशी येईल.

आज चौथा दिवस. खोली बरी आहे. खिडकीतून समोरची खिडकी दिसते. चार वाजले की तोंडातून ‘आहेत का’ निघतं. शेजारच्यांनी एकदा दार उघडून विचारलं, कोण पाहिजे.

तुझ्याकडे तिचं पत्र आलं असेल तर कळव. आलं नसेल तरी कळव.

चाकाचं तू तेव्हाच सांगायला हवं होतंस. मी तुला पळपुटी समजत होतो.

अप्पा


१९ ऑगस्ट

अप्पा,

पत्र आजच मिळालं, आजच उत्तर लिहितेय. माझ्यासाठी हे नवीन आहे.

आत्याचं पत्र नाही. सतरा जुलैनंतर एकही नाही. मी रोज गेटवर जाते, टपालवाला लांबूनच मान हलवतो, आता तर सायकलवरून उतरतसुद्धा नाही. मला वाटत होतं, ती शपथ मोडली म्हणून रुसलीये, आणि रुसलीये म्हणजे जिवंत आहे, एवढ्यावर मी दिवस काढत होते. ती घरातूनच गेली असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तुम्ही जिवंत आहात हे वाचून मी शेडबाहेर गेले, पेट्यांच्या मागे उभी राहिले आणि थोडा वेळ तिथेच राहिले. मॅडमनी बोलावलं नाही. परत आत आले तर माझा हेडफोन त्यांच्या कानाला होता, माझ्या वहीत त्या टिंबं काढत होत्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

पण अप्पा, मी हे कसं मोजलं नाही? मी काचांच्या तारखा मोजल्या. भेग कोपरापर्यंत गेली ते मोजलं. आत्याने त्याच पत्रात लिहिलं होतं की दिवसात एकदाच तिला कुणीतरी काहीतरी विचारतं. तेही वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेले, कारण पुढच्या ओळीत भेग होती. खोली सोडली की तिचं ते एक बोलणंही जाणार, हे मला दिसायला हवं होतं. मी तुम्हाला बाहेर काढलं आणि तिला कुठे जायचं ते ठेवलंच नाही. तरी पुन्हा तेच पत्र लिहीन. त्यात फक्त एक ओळ जास्त घालेन, आत्या, तू इकडे ये. ती ओळ मला सुचलीच नाही. सुचली असती तरी मी घातली असती का, माहीत नाही. माझ्याकडे कुणी यावं असं ठिकाण मी कधी केलंच नाही. इथे सुद्धा बॅग अजून पलंगाखाली अर्धी भरलेलीच आहे.

उद्यापासून चार दिवस रजा मागितलीये. तुमच्याकडे येते, मग दोघं मिळून शोधू. दिराकडे नाही, तर ती कुठे जाऊ शकते याची यादी करायला बसले होते. यादीत एकच नाव आलं, तुमचं. मग मी यादी फाडली. तुम्ही चार वाजता खिडकीपाशी बसा, मी खालून हाक मारीन. शेजाऱ्यांना सांगून ठेवा, नाहीतर ते

थांबा, गेटवर कसलासा आरडाओरडा चाललाय. गेटवाले मामा कधी आवाज चढवत नाहीत. म्हणतायत, बाई, असं आत जाता येत नाही, नाव सांगा, कुणाकडे जायचंय ते सांगा. आणि एक बाई म्हणतेय, “नाव कशाला हवं तुला, पत्रिका बघायचीय माझी? आठ दिवस वाट चुकत, तीन गाड्या बदलत येतेय, पाय सुजलेत, दगड दाबणारी पोरगी कुठे राहते तेवढं सांग, नाहीतर एकेक दार वाजवत जाते!”

अप्पा, मी दारात उभी राहून लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नका. ती मामांना बाजूला सारून आत आलीये. ट्रंक मामांच्याच हातात दिलीये आणि ते ती घेऊन मागून चाललेत. केसात अजून धूळ आहे.

अप्पा, आत्या आलीये.